साहेबांच्या हस्ते पहिला विळा

आमच्या पाड्यावर भाताला पहिला विळा लाडक्या आजाने लावायचा, मग बाकीच्यांनी. हे कोणी ठरवलं ते कोणाला माहीत नाही, आणि मोडायची हिंमतही कोणाला होत नाही. लाडक्या आजा आपल्या खाचरात उतरतो, मूठभर भात कापतो, त्याची जुडी बांधतो आणि खळ्यावर नेऊन कणसरीपुढे ठेवतो. कणसरी म्हणजे आमची धान्याची देवी. तिला कोंबडं दाखवतात, म्हातारे घोट घोट घेतात आणि त्याच दुपारी अख्खा पाडा आपापल्या शेतात वाकलेला दिसतो. सगळा कार्यक्रम एका सकाळीत आटपतो, त्याला ना मंडप लागतो ना माइक.

मी रंजना. वसईला पॅकिंगच्या कारखान्यात कामाला आहे. नवरा मुकेश तिथेच टेम्पोवर असतो. जव्हारकडे साखरशेत गावाच्या पुढे जो आमचा पाडा आहे, तिथे माझी सासू कमू एकटी राहते आणि थोडं हळवं भात लावते. हळवं म्हणजे लवकर पिकणारं. ते पिकलं की आम्ही दोघं आठवडाभराची सुट्टी काढून येतो, कापतो, झोडतो आणि तांदळाच्या गोणी एसटीच्या टपावर टाकून परत जातो. त्या तांदळावर आमची वसईतली चूल पुढचे कितीतरी महिने चालते. तांदूळ विकत घेऊन वसईत राहायचं म्हणजे कारखान्यात फुकट राबल्यासारखंच आहे. म्हणून सुट्टी मागताना सुपरवायझर तोंड वाकडं करतो तेव्हा मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघते.

यंदा दसरा झाला, आयेचा, म्हणजे सासूचा, फोन आला की भात पिवळं झालं, या. आम्ही आलो. भात खरंच पिवळं झालं होतं, आभाळ स्वच्छ होतं, विळ्याला धार काढून झाली होती. फक्त लाडक्या आजाने पहिला विळा लावला नव्हता, कारण मध्ये रूपेश आला होता.

रूपेश लाडक्या आजाचा पुतण्या, माझा दीर लागतो. ठाण्याच्या एका संस्थेत तो आमच्या भागाचा समन्वयक आहे. समन्वयक म्हणजे काय, हे मी त्याला दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा मला वेगळं उत्तर मिळालं. पोरगा वाईट नाही. त्याची नोकरी कंत्राटी आहे, दर वर्षी मार्च आला की त्याच्या तोंडचं पाणी पळतं. पण पाड्यावर आला की तो आमच्या बोलीत बोलत नाही, पत्रकात बोलतो.

त्याने आणलेल्या प्रकल्पाचं नाव होतं ‘योग्य ओलावा, योग्य वेळ, निम्मा खर्च’. अंगणात सगळ्यांना बसवून त्याने तो समजावून सांगितला. दाण्यात शंभराला वीस-बावीस भाग पाणी असेल तेव्हा कापणीचं मशीन घातलं तर खर्च सगळ्यात कमी येतो. त्याहून ओलं असलं तर पेंढा मशीनमध्ये अडकतो, डिझेल जास्त जातं आणि वर धान्य सुकवायचा खर्च बसतो. त्याहून कोरडं झालं तर दाणा शेतातच गळतो, आणि गळलेल्या दाण्याचा खर्च कोणी धरत नाही पण तोच सगळ्यात मोठा. यात खोटं काहीच नव्हतं. माझी सासू दाणा दाताखाली धरून बघते आणि दोन-तीन वर्षांतून एकदा चुकतेच. ओलावा मोजायचं यंत्र आलं तर बरंच, असं मलाही वाटलं.

पण संस्थेला प्रात्यक्षिक करायचं होतं, आणि प्रात्यक्षिक म्हटलं की साहेब लागतात. साहेबांच्या हस्ते मशीन सुरू होणार, साहेबांच्या हस्ते ओलावा मोजला जाणार. त्यासाठी रूपेशने शोधून शोधून शेत निवडलं ते लाडक्या आजाचं. एक तर ते रस्त्याला लागून, गाडी थेट बांधापर्यंत येते. दुसरं म्हणजे पहिल्या विळ्याचा मान त्या घरचा. ‘पारंपरिक मानाला आधुनिक तंत्राची जोड’ असं त्याने अर्जात लिहिलं होतं आणि ते वाक्य वर कोणाला तरी फार आवडलं होतं. यंदा पहिला विळा म्हणजे साहेबांनी चालवलेलं मशीन. लाडक्या आजाने शब्द दिला होता, की साहेब येईपर्यंत भाताला हात लावणार नाही.

आजाने हात लावायचा नाही म्हणजे पाड्यावर कोणीच लावायचा नाही. हे रूपेशला माहीत नव्हतं असं नाही, तो इथेच वाढला. पण साहेबांनी तारीख दिली होती आणि दिलेल्या तारखेला साहेब येतात, असं त्याला मनापासून वाटत होतं. इतकी वर्षं संस्थेत काढून त्याचा हा भाबडेपणा टिकला कसा, याचं मला आजही नवल वाटतं.

पहिल्या तारखेला मंडप पडला. रस्त्याच्या कडेला फलक लागला. त्यावर वर साहेबांचा मोठा फोटो, खाली कोपऱ्यात लाडक्या आजाचा छोटा, आणि मधोमध डुलणाऱ्या सोनेरी ओंब्या. ओंब्या गव्हाच्या होत्या. फलक ठाण्यात छापला होता, तिथे कोणाला फरक कळला नसावा. आम्ही कोणी काही बोललो नाही, कारण आजा त्या फलकापुढे उभा राहून आपलंच तोंड निरखत होता. त्याची बायको काशी आजी तेवढी म्हणाली, “आता हा कशाला चिखलात उतरंल? फोटूला चिखल लागंल.”

रूपेशने ओलाव्याचं यंत्र काढलं, शेतातले चार दाणे घातले. बावीस आलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मशीन आलं होतं, ते चालवणारा उमेश नगरकडचा, सीटवर बसून तंबाखू मळत होता. ऊन चांगलं तापलं होतं. त्या दिवशी कापलं असतं तर अख्ख्या पाड्याचं भात आठवड्यात खळ्यावर आलं असतं. आम्ही साहेबांची वाट बघत बसलो. दुपारी रूपेशला फोन आला. साहेबांचा मोखाड्याचा कार्यक्रम लांबला होता, तिथूनच ते परत गेले. दोन दिवसांनी नक्की.

“मग आज कापूं दे,” मी म्हणाले. “साहेब आले की दुसरं खाचर दाखवा.”

“वहिनी, असं करता येत नाही,” रूपेश म्हणाला. “शुभारंभ आधी आणि कापणी नंतर, असा क्रम आहे.”

“भाताला सांग मग तुझा क्रम.”

भाताला सांगायची जबाबदारी त्याने घेतली नाही. पण दुसरी एक युक्ती त्याने केली. त्या बावीसवाल्या भाताचे दाणे त्याने स्टीलच्या डब्यात भरले, झाकण घट्ट लावलं, वर चिकटपट्टी गुंडाळली आणि डबा घरात माळ्यावर ठेवला. साहेब येतील तेव्हा यंत्रात हेच दाणे घालायचे, म्हणजे आकडा बरोबर येईल. शेतातला ओलावा वर-खाली झाला तरी डब्यातला ओलावा शिस्तीत राहणार होता.

आणि शेतातला ओलावा झालाच वर-खाली. दुसऱ्या दिवशी ढग आले, संध्याकाळी पाऊस आला आणि तो थांबायचं नाव घेईना. ऑक्टोबर संपत आला तरी आषाढासारखी झड लागली. संस्थेने धान्य सुकवायला म्हणून प्लास्टिकच्या मोठ्या ताडपत्र्या दिल्या होत्या, त्या मंडपावर घातल्या, कारण खाली खुर्च्या होत्या आणि खुर्च्या भाड्याच्या होत्या. भात भिजत होतं, खुर्च्या कोरड्या होत्या. रूपेशने छत्री धरून शेतातले दाणे आणले आणि यंत्रात घातले. आकडा बघून त्याने यंत्र खिशात ठेवलं. मी हात पुढे केला, तेव्हा नाइलाजाने दाखवलं. अठ्ठावीस.

या सगळ्यात सुखी माणूस एकच, उमेश. त्याला मशीन चाललं तरी भाडं आणि उभं राहिलं तरी दिवसाचं भाडं. सकाळी उठून तो आभाळाकडे बघायचा, ढग दिसला की समाधानाने पुन्हा आडवा व्हायचा. त्याला जेवायला घालायची जबाबदारी पाड्याची, म्हणजे बायकांची. निम्म्या खर्चात कापणी कशी होते हे शिकायला आम्ही बसलो होतो, आणि शिकवणीचाच खर्च चढत चालला होता.

माझी सुट्टी मात्र उन्हात ठेवलेल्या बर्फासारखी वितळत होती. मी आयेला म्हणाले, “आये, आपण आपलं कापूं. कोणी काय करंल?”

आयेने माझ्याकडे डोळे वटारून बघितलं. मग तिने सांगितलं, की तिच्या चुलत सासऱ्याने एकदा असंच पहिल्या जुडीआधी कापलं होतं आणि त्याची म्हैस मेली.

“म्हातारी असंल म्हैस,” मी म्हणाले.

“व्हती म्हातारी. पण मेली कंधी? त्याच वर्षी.”

माझी सासू दिवसभर बांधावर बसून भाताकडे बघायची. पाऊस उघडला की कणसं हलवून पाणी झटकायची, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. तिचं बघून मलाही राग यायचा आणि रडूही यायचं. एवढं जपायचं तर कापत का नाही, असं मनात यायचं. पण मी त्या पाड्यावर सून म्हणून आलेली, आणि कणसरी त्यांची आधीची.

मग मी लाडक्या आजाकडे गेले. म्हटलं, आजा, मान तुमच्या हाताचा की तुमच्या शेताचा? हाताचा असंल तर आमच्या शेतात येऊन मूठभर कापा. तुमचा शब्द तुमच्या शेतापुरता आहे, तो मोडत नाही. जुडी देवीपुढे ठेवा, पाडा मोकळा होईल, आणि साहेब येतील तेव्हा तुमचं खाचर उभंच असेल.

आजा विचारात पडला. त्याच्या बापाने कधी दुसऱ्याच्या शेतात पहिला हात लावला होता का, हे त्याला आठवेना. ओटीवर चार म्हातारे जमले. एक म्हणाला मान हाताचा, एक म्हणाला मान मातीचा. तिसरा म्हणाला, यंदा मशीन कापणार तर मान मशीनचा की उमेशचा, आणि उमेशचा असेल तर कोंबडं त्याने आणायला हवं. उमेश घाईघाईने उठून मशीनचं तेल बघायला गेला. बराच काथ्याकूट होऊन शेवटी मान हाताचा ठरला. आजा म्हणाला, “उद्या सकाली येतो कमूच्या शेतात.”

मी घरी आले ती जवळजवळ नाचतच. आयेने लगेच विळे काढून दगडावर पाणी ओतलं आणि धार लावायला बसली.

तेवढ्यात रूपेश मोटरसायकलवरून आला, दारात गाडी लावली आणि हसत म्हणाला, “वहिनी, नक्की झालं. साहेब उद्याच येतात.”

आजा एका दिवसासाठी थांबला. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या जागी मी असते आणि फलकावर माझा फोटो असता, तर मीही थांबले असते बहुतेक.

पण ‘उद्या’ साहेब आले नाहीत. परवाही नाही. पाऊस थांबून कडक ऊन पडलं, आणि भिजलेलं भात त्या उन्हात असं तडतडून सुकलं की वारा आला तरी दाणे खाली पडू लागले. शेताच्या कडेने चालताना तो आवाज ऐकू यायचा, बारीक, सतत. मोबाइलवर पुन्हा पावसाचा इशारा आला. माझी सुट्टी संपायला एक दिवस उरला होता. आणि त्याच सकाळी, कोणाला काही न कळवता, साहेबांच्या तीन गाड्या आल्या.

साहेब चांगले होते, खोटं कशाला बोलू. गोरे, थकलेले, बूट चिखलात जाऊ नयेत म्हणून दोन माणसांचा हात धरून बांधावर उभे राहिले. भाताच्या एका ओळीला हिरवी फीत बांधली होती, ती त्यांनी कापली. मग ओलाव्याचं यंत्र. रूपेशने डब्याचं झाकण उघडलं, दाणे घातले, आणि माइकवरून आकडा सांगितला. बावीस. टाळ्या पडल्या. साहेबांनी खाली वाकून विचारलं, “हे याच शेतातलं का?” रूपेश म्हणाला, “होय सर, याच शेतातलं.” ते खरंच होतं. कधीचं, ते साहेबांनी विचारलं नाही.

साहेबांना मशीनवर बसवलं, शेजारी उमेश उभा राहिला. मशीन घुर्र करत शेतात शिरलं, बैलगाडीच्या लांबीएवढं चाललं, आणि खालच्या चिखलात चाक रुतून जागीच फिरू लागलं. वरचं भात सुकलेलं, खालची जमीन ओली. याला किती टक्के म्हणायचं हे प्रकल्पात नव्हतं. मशीनच्या हादऱ्याने पुढच्या ओळीचे दाणे पावसासारखे खाली आले. पुन्हा टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते, कारण एकदाचा पहिला विळा लागला होता. आजाने मशीनपुढची मूठभर कणसं स्वतः उपटून घेतली, त्यांची जुडी बांधली आणि छातीशी धरून उभा राहिला. आता जुडी खळ्यावर गेली, की आम्ही सुटलो. सगळ्यांचे विळे पदराआड तयार होते.

आणि इथे माशी शिंकली. साहेबांना द्यायचं स्मृतिचिन्ह आलं होतं, पण खोका उघडला तर त्यावर दुसऱ्याच कोणाचं नाव. ते मोखाड्याच्या कार्यक्रमातलं उरलेलं होतं. रूपेशने इकडे तिकडे बघितलं, आजाच्या छातीवरची जुडी बघितली, कापलेली हिरवी फीत उचलून तिच्याभोवती गुंडाळली आणि माइकवर म्हणाला, “पाड्याच्या वतीने, मानाची पहिली जुडी, सन्माननीय साहेबांना.” आजाने जुडी दिली. हसत दिली. फोटोवाला समोर होता, साहेबांचा हात जुडीवर, आजाचाही जुडीवर, दोघंही कॅमेऱ्याकडे बघत होते. साहेबांना भरून आलं. म्हणाले, आजवर शेकडो हार घेतले, पण असं काही मिळालं नव्हतं.

गाड्या निघाल्या. धुरळा बसला. खळ्यावर कोंबडं धरून बसलेल्या माझ्या सासूने विचारलं, “जुडी कठं हाय?”

रूपेशने तोंडावरून हात फिरवला. मानाची जुडी देवीपुढे न ठेवता गाडीत बसून गेली होती, आणि जुडीशिवाय पाडा सुटत नाही. आता तर आधीपेक्षा वाईट झालं होतं. आधी पहिला विळा लागायचा होता, आता लागून वाया गेला होता.

“दुसरी जुडी बांधा,” मी म्हणाले.

“पहिली एकच असतं,” आजा म्हणाला. त्याचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला.

मी मुकेशला म्हणाले, रूपेशची गाडी काढ. रूपेश फोन लावत होता, कोणी उचलत नव्हतं. साहेब शिरपामाळची टेकडी बघून मग जव्हारला जेवणार, एवढं त्याने सांगितलं. मुकेश पुढे, मध्ये आजा, मागे मी, असे तिघं मोटरसायकलवर बसलो आणि देवीची जुडी आणायला साहेबाच्या मागे निघालो. वाटेत दुतर्फा भातं उभी होती, कुठे कापलेली. जिथे फलक नव्हता तिथली सगळी कापलेली होती. मी ते आजाला दाखवलं. आजाने मान फिरवली.

शिरपामाळावर साहेब नव्हते. गाड्या येऊन गेल्या होत्या. वर वारा मोकाट होता, मुंबईकडची काही मंडळी फोटो काढत होती. त्यातल्या एका बाईच्या हातात हिरव्या फितीची जुडी होती. ती जुडी गालाला लावून उभी होती आणि नवरा तिला थोडं डावीकडे व्हायला सांगत होता.

मी विचारलं, ही कुठे मिळाली? ती म्हणाली, त्या कठड्यावर पडली होती. एक ड्रायव्हर गाडी झाडत होता. सीटभर दाणे सांडतायत म्हणून त्याने ती आपटून आपटून झटकली आणि ठेवून गेला. “तुमची आहे का? सॉरी हं. फार छान दिसते फोटोत.” तिने लगेच परत दिली. तिच्यावर चिडायला मला काही कारणच मिळालं नाही.

आजाने जुडी हातात घेतली. नुसता पेंढा होता. फीत मात्र नीट होती. त्याने कठड्याखाली वाकून बघितलं, दगडांत चार-दोन दाणे होते, ते बोटांनी वेचायला लागला. वेचता वेचता थांबला.

मग मी बोलले. इतके दिवस गिळलेलं सगळं बोलले. म्हटलं, आजा, तुमचा मान म्हणून आम्ही थांबलो. रूपेशसाठी नाही, साहेबासाठी नाही, तुमच्यासाठी थांबलो. दाणा डोळ्यांदेखत खाली पडला तरी थांबलो. आणि तुम्ही कॅमेरा बघून देवीची जुडी देऊन टाकलीत. उद्या मी वसईला जाणार, परवा पाऊस येणार, माझी सासू एकटी काय करणार सांगा. मुकेश मला गप्प बस म्हणून खुणावत होता. मी गप्प झाले नाही.

आजा सगळं ऐकून घेत होता. मग इतकंच बोलला, “मना तवा आठवलाच नाय. हात पुढं गेला.” आणि पेंढ्याची जुडी त्याने सदऱ्यात खोचली.

आम्ही परत फिरलो. आभाळ मोखाड्याच्या बाजूने काळं व्हायला लागलं होतं. पाड्याच्या वळणावर आलो तेव्हा रस्त्यात माणसं उभी दिसली. सगळी आमच्या शेताकडे बघत होती आणि कोणी पुढे जात नव्हतं. मी उतरून धावत गेले. खाचरात एक बाई वाकलेली होती, मागे कापलेल्या भाताचे हातभर ढीग ओळीने पडले होते.

माझी सासू होती.

तिने पदर कमरेला घट्ट खोवला होता, आणि ती अशी कापत होती की मागे वळून बघायला तिला वेळ नव्हता. जिने मला म्हशीची गोष्ट सांगितली होती, तीच. आजा माझ्या मागून बांधावर येऊन उभा राहिला.

“कमू,” तो म्हणाला, “काय करतंस?”

“कापतंय.”

“कणसरी?”

आयेने मान वर केली नाही. “कणसरीला मी सगला सांगितलाय. तुझा फोटू, तुझा साहेब, सगला. ती बोलली, काप.”

रस्त्यावरची माणसं ऐकत होती. आजाने काय करावं याची सगळ्यांना धास्ती होती, मला तर फार. त्याच्या घराचा, त्याच्या बापाचा मान होता, आणि एका बाईने तो त्याला न विचारता भर दुपारी कापून टाकला होता. आजाने सदऱ्यातला पेंढा काढून बांधावर टाकला, आयेचा बांधावर ठेवलेला दुसरा विळा उचलला आणि खाली उतरला. आयेच्या मागे एक ओळ सोडून त्याने कापायला सुरुवात केली. रस्त्यावरून एक-एक जण आपापल्या शेताकडे पळाला. कोणी काही ठरवलं नाही, कोणी माइक घेतला नाही. रूपेश पँट दुमडून आमच्याकडेच आला आणि पाड्याच्या बोलीत म्हणाला, “वयनी, मी कठंशी धरू?”

मी आयेजवळ गेले तेव्हा ती रडत होती. आवाज नव्हता, नुसतं पाणी गळत होतं आणि हात चालू होता. मी खाली बघितलं. तिच्या पायाखाली दाणे होते. थोडेथोडके नाही, चिखलात दाबले जातील इतके, जमीन दिसेनाशी झाली होती. ही बाई चुलीजवळ एक दाणा पडला तरी उचलून कपाळाला लावते. ती अनवाणी त्या दाण्यांवर उभी होती आणि एकेक पाऊल टाकत होती, कारण पाऊल न टाकता कापता येत नाही.

“आये, तू सर बाजूला,” मी म्हणाले. “इथलं मी कापते.”

“नको. तू तिकडून धर,” ती म्हणाली. “इकडं लय सांडलाय. त्याच्यावर तुझा पाय नको, माझाच असूं दे.”

मी दुसऱ्या टोकाला गेले, चपला काढल्या आणि खाचरात उतरले. तिकडेही तेवढंच सांडलं होतं.